हळदीकुंकवाच्या वहीतली नावं

१२ जानेवारी, सोमवार

समोरची काचेची इमारत कोणाची, ते आज कळलं. पत्र्याच्या कुंपणावर नोटीस लागली. मी उभ्या उभ्या दोनदा वाचली. मागे बाबा येऊन थांबले, अंगावर पीठ तसंच.

"काय लिवलंय?"

मोठं दुकान येतंय. किराणा, कपडे, भांडी, भाजी, सगळं एका छताखाली. (हात दुखतो, यापुढे मो.दु.) गिऱ्हाइकांचा दरवाजा हमरस्त्यावर. मालाच्या गाड्यांचा मागे, म्हणजे आमच्या गल्लीत. त्यासाठी गल्ली मोकळी करणार, 'पुढे आलेले ओटे व पायऱ्या' काढणार. हरकती असतील तर ३० तारखेपर्यंत नगरपालिकेत लेखी.

बाबांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. पुढे आलेला ओटा एकच आहे. आमच्या गिरणीचा.

१३ जाने.

ओट्याबद्दल लिहून ठेवते, उद्या अर्जात लागेल.

बायका गहू-तांदळाचा डबा ओट्यावर ठेवतात आणि घरी जातात. डबा रांगेत उभा राहतो. कोणी मागचा डबा पुढे सरकवत नाही. डब्यावर ऑइलपेंटनं नाव असतं, काहींचं लग्नाच्या भांड्यावर कोरलेलं. बाबा अंबरनाथची कंपनी बंद पडल्यावर गिरणीत आले, तेव्हा मी चौथीत होते. एवढ्या वर्षांत नंबरावरून भांडण एकदाच पाहिलंय, तेही दोघींचे डबे सारखे निघाले म्हणून. आत जागा दोन माणसांची. ओटा गेला तर डबे ठेवायचे कुठे? ट्रकच्या चाकाखाली?

आमच्या कात्रपमध्ये मात्र सगळे खूश. माझ्या ट्यूशनच्या पोरांनी आज निबंधाच्या वहीत ट्रॉली काढून ठेवल्या. भाजीवाली म्हणते, "आतमध्ये गारेगार असतं म्हणे, कोथिंबीर सुकत नाही." तिच्या तोंडावर काळजी कमी आणि हेवा जास्त.

१४ जाने., संक्रांत

भोईरकाका तिळगूळ घेऊन आले. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. म्हणाले, "प्राची, अर्ज तूच लिही. आख्ख्या गल्लीत ग्रॅज्युएट तू एक." मग आवाज खाली करून, "पण बायकांच्या सह्या पायजेत. आमच्या सह्या लावल्या तर बोलतील, ह्यांचा धंदा बुडतोय म्हणून बोंबलतात. बायकांच्या असल्या की ते लोकांचं म्हणणं होतं."

बरोबर आहे. आणि खरंच लोकांचं म्हणणं आहे हे. शाळा सुटल्यावर चाळीस-पन्नास मुलं या गल्लीतून जातात.

मला बरं वाटलं. गल्लीतले अर्ज मीच लिहिते: रेशनकार्डात नाव, विजेचं बिल, कोणाच्या शाळेचा दाखला. पण हा पहिलाच अर्ज, जो एका माणसाचा नाही.

१६ जाने.

बाबांबरोबर उल्हासनगर कॅम्प दोनला, गिरणीचा पट्टा आणायला. तिथले पार्टवाले म्हातारे सिंधी शेठ, त्यांना सगळे 'साईं'च म्हणतात. मी मो.दु.चं सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, आमच्याकडे पण आला ना. पैले दिवशी सगळे गेले बघायला. मी पण गेलो. एसी मस्त होता."

"मग?"

"फिर क्या. गिरणीचा पट्टा तिथे मिळत नाय." आणि पट्टा मोजून कापला.

बाबा वाटेत दोनदा आठवून हसले. मला हसू आलं नाही. हा विनोद आपल्याला लागू पडत नाही. पीठ तिथे मिळतं. पाच किलोच्या पिशवीत, वर लाल अक्षरात 'चक्की ताजा'.

१९ जाने.

शेजारच्या लताकाकूंना हळदीकुंकवाला बोलवायचं, हा माझा हट्ट. काका जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरचं हळदीकुंकू असलं की त्या दार लावून बसतात. बसतात म्हणजे काय, जीन्सचे दोरे कापत बसतात. उल्हासनगरहून टेम्पो गठ्ठे टाकून जातो, त्यांची बोटं कायम निळी.

आई म्हणाली, "माझं काही नाही गं. बाकीच्यांचं काय?"

मी म्हटलं, "बाकीच्यांचं मी बघते."

आईनं तवा आपटला नाही, पण ठेवला जोरात.

नंतर स्वतःच म्हणाली, "मी जाते बोलवायला. तू गेलीस तर भाषण देशील."

२३ जाने., शुक्र.

झालं हळदीकुंकू. गिरणी चारला बंद ठेवून ओट्यावरच केलं, सतरंज्या टाकून. लताकाकू शेवटी शेवटी आल्या. आकाशी साडी, हातात काही नाही, येऊन कडेला उभ्या. आईनं हळद लावली. कुंकवाच्या करंड्यावर बोट क्षणभर थांबलं. मग कुंकूही लावलं. चौधरीकाकू तेवढ्या वाण घेऊन लगेच उठल्या, "कुकर लावायचाय."

वाण पिठाची चाळणी. कमी पडू नये आणि एकीला दोनदा जाऊ नये म्हणून आई दरवर्षी वही ठेवते, जिला मिळालं तिनं नाव-पत्ता लिहायचा. लताकाकूंनी पेन हातात घेऊन विचारलं, "पूर्ण लिहू?" आणि पूर्ण लिहिलं, सावकाश, वळणदार. म्हणाल्या, "रेशनच्या अंगठ्याशिवाय माझं काही लागलंच नव्हतं कुठे."

अठ्ठावन्न नावं झाली.

मी पाच मिनिटं गल्ली आणि ट्रक यावर बोलले. सगळ्या म्हणाल्या, "हो गं, बरोबर आहे. पोरं जातात इथून."

आज झोप लागणार नाही, चांगल्या अर्थानं.

२९ जाने.

उद्या शेवटचा दिवस. अर्ज तयार, दोन पानं, मुद्देसूद. दुकानदारांच्या नऊ सह्या. बायकांच्या शून्य.

दुपारी फिरले तर दारं बंद, झोपलेल्या. संध्याकाळी फिरले तर "ह्यांना विचारते", "उद्या ये ना", "कुकर लावलाय". दोन इमारती संपता संपता सात वाजले. चार जणींनी पेन हातात घेतलं आणि परत दिलं. विरोध एकीचाही नाही. नुसता आळस. याचाच राग येतो मला.

३० जाने.

दिला अर्ज. आवक शिक्का मिळाला.

बायकांच्या सह्यांचं असं केलं, की वहीची झेरॉक्स काढून जोडली. वर टाइप करून घेतलं, 'परिसरातील महिलांच्या सह्या'. नाव, इमारत, घर नंबर, सगळं त्यांच्याच हातचं. तोंडानं तर सगळ्या हो म्हणाल्याच होत्या. फक्त कागद वेगळा.

भोईरकाकांनी पानं उलटली. "अठ्ठावन्न? एका दिवसात? वाघीण आहेस." वडापाव खाऊ घातला.

बाबांनी घरी पोचप्रत वाचली, शब्दांखाली बोट धरून, पूर्ण. पोचप्रतीला सह्यांची पानं नव्हती.

५ फेब्रु.

लताकाकू पेढे घेऊन आल्या. मो.दु.त लागल्या. धान्य निवडणं आणि पॅकिंग, खुर्चीवर बसून. ओळखपत्र, फंड, आठवड्याची सुट्टी. एक मार्चपासून. हळदीकुंकवाच्या आधीच फॉर्म भरला होता, कोणाला बोलल्या नव्हत्या. "नाही झालं तर हसं व्हायचं."

आईनं त्यांना मिठी मारली. मी पण अभिनंदन केलं. आत कुठेतरी वाटलं, तिथेच का जावं यांनी? मग स्वतःची लाज वाटली. निळी बोटं माझी नाहीत.

बाबांना त्यांनी वेगळा पेढा दिला. म्हणाल्या, "दळण तुमच्याकडेच हं, भाऊ." बाबा म्हणाले, "आता तुम्ही आमचे मोठे गिऱ्हाईक."

१० फेब्रु., मंगळ.

लताकाकू सहा वाजता आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"प्राची, मी कशावर सही केली?"

त्यांना मो.दु.च्या ऑफिसात बोलावलं होतं. हरकतींच्या प्रती दुकानवाल्यांना मिळतात, उत्तर द्यायला. हे मला माहीत होतं, अर्ज करताना नियम वाचला होता मी. तिथल्या मुलीनं कागद त्यांच्यासमोर ठेवला, नावाखाली हिरवी रेघ. म्हणाली, मॅडम, तुमचा दुकानाला विरोध आहे आणि नोकरी पण हवी? वर विचारते, तोवर थांबा.

"मी म्हटलं, ही माझी सही नाही. तर म्हणाली, अक्षर तुमचंच आहे ना? आहे. अक्षर माझंच आहे."

मी सांगायला लागले. गल्लीचा प्रश्न, तुम्ही पण हो म्हणाला होतात, वेळ नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मग आईकडे बघून म्हणाल्या, "म्हणून बोलावलं होतं का मला?"

आणि गेल्या.

आईनं वही मागितली. पानं उघडून बसली. म्हणाली, "वाणाच्या वहीत बाई नाव कशाला लिहिते, सांग मला."

११ फेब्रु.

भोईरकाकांकडे गेले. त्यांना वहीचं आजच कळलं. लगेच हिशोबी झाले.

"सुनावणी सतराला. आता मागे घेतलंस तर आपली हरकत फुटली. नऊ दुकानदारांना कोण विचारतो?"

"पण काका, त्या सह्या नाहीत."

"कोण म्हणतंय? एकीनं तरी तक्रार केली? एक काम कर. लताबाईंचं नाव चुकून आलं, असं पत्र दे. एक खोड. सत्तावन्न राहू दे."

दिवसभर हेच डोक्यात. एक खोडलं की लताकाकूंचं काम होतं. ओटा वाचतो. कोणाचं नुकसान नाही.

पत्र लिहिलंसुद्धा. 'श्रीमती लता यांचे नाव अनवधानाने'. पुढे लिहिता येईना. अनवधानाने एकच कसं? आणि बाकीची सत्तावन्न काय, समजून उमजून?

बाबांना अजून सांगितलेलं नाही. आईनंही नाही सांगितलं. वाट बघतेय माझी.

१४ फेब्रु., शनि.

उद्या महाशिवरात्र. आज गिरणीत फक्त उपासाचं: राजगिरा, वरी, शिंगाडा. बाबा सकाळी जातं उघडून दगड ब्रशनं साफ करतात. मग मूठभर वरी टाकून फिरवतात आणि ते पीठ चिमण्यांना. गव्हाचा कण राहता कामा नये. दरवर्षी पहिला डबा लताकाकूंचा राजगिऱ्याचा. आज ओट्यावर नव्हता. बाबांनी अर्धा तास पहिला नंबर मोकळा ठेवला. मग दुसरीचा डबा घेतला.

तेव्हा सांगितलं मी. जातं चालू होतं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, ते बरं झालं की वाईट, माहीत नाही.

बाबा दळत राहिले. डबा संपल्यावर बटण बंद केलं. मी म्हटलं, "आपल्या गिरणीत डबा ठेवला म्हणजे बाई आली असंच धरतो ना आपण? मी तसंच..."

"डबा ठेवताना ती सांगून जाते," बाबा म्हणाले. "जाड पायजे का बारीक. न सांगता गेली तर मी दळतो का?"

नाही दळत. मी लहान असताना एकदा आईनं दळायला लावलं होतं, उगाच उशीर नको म्हणून, तर बाबा त्या बाईच्या दारात विचारायला गेले होते. भाकरीचे तांदूळ होते की घावनाचे, एवढंच.

"ओट्याचं काय?" मी विचारलं.

"ओटा माझा हाय. मी बघंन."

बघणार काय, ते त्यांनाही माहीत नाही. पुढचा डबा उचलला.

१५ फेब्रु., रवि.

उपास. दारोदार गेले, वही घेऊन. प्रत्येकीला सांगितलं की मी तुमचं नाव न विचारता लावलं, आता विचारतेय. पाठ केलेलं वाक्य पहिल्या तीन दारांत नीट म्हणता आलं, चौथ्यापासून अडखळायला लागले.

"हात्तिच्या, एवढंच? मला वाटलं चाळणी परत मागतेस."

"मला तर दारात दुकान आलं तर बरंच आहे बाई, पिशव्या उचलून कंबर गेली."

"सही करते, पण ह्यांना सांगू नको. ह्यांचा भाचा तिथे सिक्युरिटीत लागलाय."

एका ताईंनी दार उघडं ठेवून नवऱ्याला बोलावलं आणि माझ्याकडून पुन्हा सगळं वदवून घेतलं. ते म्हणाले, "शिकलेल्या मुलींनी असं केलं तर अडाण्यांनी काय करायचं?" मी उभी राहिले. मग पुढचं दार वाजवलं.

खऱ्या सह्या सतरा. आळशी म्हणून ज्यांच्यावर चिडले होते, त्यांचं म्हणणंच वेगळं होतं. मी विचारलंच नव्हतं. 'विरोध एकीचाही नाही' असं मागे लिहिलंय मी. कोणाला विरोध नाही, मला की दुकानाला?

चौधरीकाकूंनी मात्र लगेच सही केली, शेवटचं अक्षर दोनदा गिरवून. "गाड्या नकोतच. आणि त्या दिवशी मी उठून गेले ते कुकरसाठी नव्हतं. ते चुकलंच माझं. लताला सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. माझं तिथे चालत नाही आता.

लताकाकूंच्या दाराला आतून कडी. कात्रीचा आवाज येत होता. दोरे.

१६ फेब्रु., सोम.

नगरपालिकेत पत्र दिलं. 'सोबत जोडलेली अठ्ठावन्न नावे सह्या नसून हळदीकुंकवाच्या वाणाच्या यादीची प्रत आहे. ती संबंधित महिलांना न विचारता मी जोडली. ती रद्द समजावीत. खऱ्या सतरा सह्या सोबत.' खाली माझं नाव, पुढे बी.ए. लिहिलं होतं सवयीनं, ते खोडलं.

आवकचे क्लार्क दोनदा वाचून म्हणाले, "असं कोणी लिहून देत नाही, मॅडम." शिक्का मारला.

भोईरकाका: "शिकून हेच केलंस?" एवढंच. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्याकडे वळले.

शिक्क्याची प्रत लताकाकूंना जाळीच्या दारातून दिली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, काही बोलतील. "बघते" म्हणाल्या आणि आतलं दार लावलं.

१७ फेब्रु.

सुनावणी. बाबा धुतलेला शर्ट घालून आले, कानात पीठ तसंच. मो.दु.चे वकील माझं पत्र पुढे करून म्हणाले, हरकतदाराची विश्वासार्हता अशी आहे. मी उभी राहून म्हटलं, हो, तशीच आहे. नगरपालिकेच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "सतरा तरी खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत. विचारून घेतल्यात."

मग बाबा न विचारता उठले. मला वाटलं, ओट्याबद्दल बोलतील. ते म्हणाले, "साहेब, शाळा साडेबाराला सुटते. त्या टायमाला तरी गाडी नको." आणि बसले.

निर्णय कळवू म्हणाले. किती दिवसांत, ते नाही सांगितलं.

२० फेब्रु., शुक्र.

मो.दु.ची माणसं कापडी पिशव्या वाटून गेली, घरटी एक. संध्याकाळी त्यातल्या तीन पिशव्या आमच्याच ओट्यावर रांगेत, आत गहू. बाबांना त्यात काही वाटलं नाही. "डब्यापेक्षा हलकी हाय," म्हणाले.

लताकाकूंच्या नोकरीचं काही कळलेलं नाही. आई विचारून आली, तर त्या म्हणाल्या, कागद दिलाय त्यांना, वरून सांगतील. जीन्सचा गठ्ठा दारात होता, पण सोडलेला नव्हता.

रांग संपत आली तेव्हा पिशव्यांच्या मागे त्यांचा डबा दिसला. झाकणावर कोरलेलं लग्नातलं नाव, काकांचंही. कधी ठेवला, कोणी ठेवला, कोणी पाहिलं नाही. मी झाकण उघडलं. तांदूळ, धुऊन वाळवलेले. भाकरीचे की घावनाचे, कळत नाही. निरोप कोणाकडे नाही.

मी म्हटलं, जाऊन विचारू का? बाबा म्हणाले, "तू नको."

त्यांनी डबा उचलून आत नेला नाही, मागेही सरकवला नाही. पहिल्या नंबरावर ठेवला, बाकीचे सगळे दळून दिले. सात वाजले. शटर अर्धं खाली ओढून जात्याजवळच्या स्टुलावर बसले.

"येईल ती सांगायला," म्हणाले. "तोवर बस."

बसलेय. ही वही इथेच आणली.